मगरींचे संगोपन आणि संगोपकांचे शिक्षण

वाघाच्या अगर हत्तीच्या रक्षकाला काही विशेष शिक्षण असावे लागते, हे कोणासही सहज पटते. मगरीच्या बाबतीत मात्र ते तितकेसे पटत नाही. मगर तासन्‌तास हौदाच्या काठी निश्चल पडून असते. आठवड्यातून एकदोन वेळा खाते. दीर्घ उपवास सोसते. गढूळ पाण्यातही तग धरते आणि अनेक दशके जगते. सबब, पाण्याचा हौद, भोवती मजबूत कुंपण आणि मांस टाकणारा एक धीट मनुष्य एवढ्यावर तिचे संगोपन भागते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी होती व काही ठिकाणी अद्यापि आहे. ही समजूत कोणत्या कारणांनी चुकीची ठरते आणि संगोपकांना पद्धतशीर शिक्षण देण्याची गरज मगरीच्या शरीरधर्मातूनच कशी उत्पन्न होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ‘मगर’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने, म्हणजे क्रोकोडिलिया गणातील सर्व प्राण्यांस उद्देशून योजिला आहे. त्यात भारतातील दलदली मगर, खाऱ्या पाण्यातील मगर व घडियाल जसे येतात, तसेच अमेरिका व चीन येथील ॲलिगेटरही येतात. जेथे विधान विशिष्ट जातीपुरते आहे, तेथे तिचा स्वतंत्र निर्देश केला आहे.

विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगणे इष्ट होईल. सस्तन प्राण्याच्या देखभालीत चूक झाली, तर तिचा परिणाम बहुधा लवकर दृष्टीस पडतो. जनावर अन्न सोडते, ओरडते, अस्वस्थ होते आणि रक्षक सावध होतो. मगर असे काहीच करीत नाही. तिच्या बाबतीत चूक आणि चुकीचे फळ यांमध्ये काही तासांचे, काही महिन्यांचे, तर कधी दहा-बारा वर्षांचे अंतर पडते. या अंतरामुळे कारण कोणते व कार्य कोणते, हे केवळ रोजच्या अनुभवावरून ओळखता येत नाही. ‘इतकी वर्षे आम्ही असेच करीत आलो, काही बिघडले नाही,’ हे विधान अन्यत्र अनुभवाचे निदर्शक असेल. मगरीच्या संगोपनात मात्र ते बहुधा अज्ञानाचे निदर्शक ठरते.

प्रशिक्षणाची गरज कशी उत्पन्न झाली

चामड्यासाठी होणारी शिकार, अंड्यांची लूट, नद्यांवरील धरणे आणि मासेमारीची जाळी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील मगरींची संख्या झपाट्याने घटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिन्ही भारतीय जातींना कायद्याचे कवच लाभले. परंतु त्या वेळेपर्यंत परिस्थिती फार खालावली होती. १९७४ च्या सुमारास नैसर्गिक स्थितीत उरलेल्या घडियालांची संख्या दोनशेहूनही कमी असावी, असा अंदाज करण्यात आला. संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम आणि अन्न व शेती संघटना यांच्या साह्याने १९७५ मध्ये भारत सरकारने मगर प्रकल्प हाती घेतला. तज्ज्ञ सल्लागार म्हणून एच. आर. बस्टर्ड यांचे मार्गदर्शन त्यास लाभले.

प्रकल्पाची पद्धत वरवर पाहता सोपी होती. नैसर्गिक स्थितीत मगरीची बहुसंख्य अंडी व पिले पहिल्या वर्षातच नष्ट होतात. म्हणून नदीकाठच्या घरट्यांतून अंडी गोळा करावयाची, ती सुरक्षित जागी उबवावयाची, पिले सुमारे १.२ मीटर लांबीची होईपर्यंत सांभाळावयाची आणि मग नदीत सोडावयाची. ओडिशात घडियालासाठी टिकरपाडा, खाऱ्या पाण्यातील मगरीसाठी दांगमाळ व दलदली मगरीसाठी रामतीर्थ येथे केंद्रे सुरू झाली. उत्तर प्रदेशात लखनौजवळ कुकरैल येथे घडियालांचे केंद्र निघाले. केंद्रांसाठी जागा मिळाली, हौदही बांधले गेले. परंतु अंडे कसे उचलावे, पिलाला काय चारावे, मोठी मगर कशी धरावी, हे जाणणारी माणसे वनखात्यात नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी हैदराबाद येथे मगरींची पैदास व व्यवस्थापन यांचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था त्याच दशकात स्थापन करण्यात आली. पुढे १९८२ मध्ये डेहराडून येथे भारतीय वन्यजीव संस्था निघाल्यावर वन्यजीव व्यवस्थापनाचे शिक्षण अधिक व्यापक पायावर उभे राहिले.

सरकारी प्रयत्नाच्या जोडीला खाजगी प्रयत्नही झाला. रॉम्युलस व झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकाठी मद्रास क्रोकोडाइल बँक ही संस्था काढली. तेथे पैदास व संशोधन ही दोन्ही कामे हातात हात घालून चालली. परदेशात फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन येथील ॲलिगेटर फार्मचे उदाहरण बोधप्रद आहे. १८९३ मध्ये प्रवाशांच्या करमणुकीसाठी निघालेल्या या स्थळाचे रूपांतर यथावकाश मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात झाले. १९९३ मध्ये, स्थापनेच्या शताब्दीस, त्या वेळी मान्य असलेल्या सर्व जातींच्या मगरी तेथे एकत्र पाहावयास मिळाल्या. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने मगरींचे जीवशास्त्र व बंदिवासातील व्यवस्थापन या विषयाचे अभ्यासवर्ग याच ठिकाणी भरविले. एकेकाळी जेथे मगरीशी झुंजण्याचे कौतुक होई, तेथे झुंज टाळण्याचे शास्त्र शिकविले जाऊ लागले, ही गोष्ट या विद्येच्या वाटचालीची द्योतक आहे.

उष्णता आणि अन्न

मगर ही अनियततापी आहे, म्हणजे शरीराचे तापमान ती अन्नाच्या ज्वलनाने राखीत नाही. ऊन, सावली व पाणी यांच्या साह्याने राखते. बहुतेक जातींना सुमारे ३० ते ३३ अंश सेल्सियस हे शरीरतापमान मानवते. पाठ्यपुस्तकातील हे विधान प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. त्यातून संगोपकावर येणारी जबाबदारी मात्र क्वचितच सांगितली जाते. हौदाचे पाणी थंड, काठ सिमेंटचा व दिवसभर सावलीत, अशा आवारातील मगर मरत नाही. ती केवळ शांत पडून राहते. रक्षकास हे शांत पडणे नेहमीचेच वाटते. वस्तुतः तिचे पचन मंदावलेले असते, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते आणि पोटात गेलेले मांस पचण्याऐवजी कुजू लागण्याची भीती असते. म्हणून थंडीच्या दिवसांत खाऊ घालणे थांबविणे हे दुर्लक्ष नसून कर्तव्य ठरते आणि खाल्ल्यानंतर उबेची सोय राखणे हा आहाराचाच एक भाग मानावा लागतो.

आहाराच्या गुणधर्माविषयीही असेच म्हणता येईल. निसर्गात मगर भक्ष्य हाडांसकट गिळते. पिंजऱ्यातील मगरीला स्वच्छ, निवडलेले, बिनहाडांचे मांस घालणे हे ममतेचे लक्षण वाटते. परंतु अशा मांसात कॅल्शियम अत्यल्प व फॉस्फरस अधिक असतो. वाढत्या पिलांची हाडे त्यामुळे मऊ पडतात, जबडा लवचीक होतो, पाठीला बाक येतो. हा विकार दिसू लागतो तो कित्येक महिन्यांनी; आणि तोपर्यंत पिले भरभर वाढत असल्याचे समाधान संगोपकाला असते. दीर्घकाळ साठविलेले, चरबी खवट झालेले मासे सतत दिल्यास ई जीवनसत्त्वाचा अभाव होऊन शरीरातील मेदास दाह होतो. काही जातींच्या गोठविलेल्या माशांतील वितंचकामुळे थायामिन नष्ट होते. प्रमाणाबाहेर प्रथिनयुक्त खाणे, त्यात थंडी किंवा पाण्याची कमतरता यांची भर पडली, तर यूरिक आम्ल सांध्यांत व अंतःस्थ इंद्रियांत साचून मगर आखडते. प्रेक्षकांनी मौजेखातर फेकलेली नाणीदेखील पोटात जाऊन राहतात व कालांतराने अपाय करतात. या प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट समान आहे. चूक घडते त्या दिवशी हौदाच्या काठावर काहीच वेगळे दिसत नाही.

अंडी व लिंगनिश्चिती

कारण व परिणाम यांतील अंतराचे सर्वांत लक्षणीय उदाहरण अंड्यांच्या बाबतीत आढळते. कोंबडीची अंडी उबविताना ती वेळोवेळी फिरवावी लागतात, हे ग्रामीण भागातील लहान मुलासही ठाऊक असते. मगरीच्या अंड्यास नेमका याच्या उलट नियम लागू पडतो. अंडे घातल्यापासून सुमारे एका दिवसात गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले, तर गर्भ मरण्याचा संभव असतो. यास्तव घरट्यातून अंडे काढण्यापूर्वीच त्याच्या वरच्या अंगास पेन्सिलीने खूण करणे व ती खूण वरच राखून ते वाहून नेणे, हा प्रशिक्षणातील एक प्राथमिक पाठ होय. कोंबडीच्या अनुभवाने शहाणा झालेला मनुष्य येथे अजाण मनुष्यापेक्षाही अधिक घातक ठरतो.

उबवणीचे तापमान हा विषय याहून सूक्ष्म आहे. सस्तन प्राण्यांत व पक्ष्यांत नरमादी हा भेद गुणसूत्रांनी ठरतो. मगरींत लिंगगुणसूत्रे नाहीत. उबवणीच्या मधल्या काळातील तापमानावर पिलाचे लिंग ठरते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ॲलिगेटरवर संशोधन करून फर्ग्युसन व जोआनेन यांनी १९८२ मध्ये हे सिद्ध केले. ३० अंश व त्याखालील तापमानात सर्व पिले मादी निघाली. ३४ अंशांस सर्व नर निघाली. याहून अधिक तापमानात पुन्हा माद्या निपजतात, असे पुढील संशोधनात आढळले. मद्रास येथे लँग व व्हिटेकर प्रभृतींनी दलदली मगरीवर प्रयोग केले. त्यांत २८ ते ३१ अंशांपर्यंत माद्याच निपजल्या, ३२.५ अंशांच्या सुमारास नर निपजले आणि या तापमानाच्या किंचित खाली व किंचित वर दोन्ही लिंगांची पिले मिळाली. म्हणजे दीड-दोन अंशांचा फरक एका संपूर्ण पिढीचे स्वरूप बदलून टाकतो.

पिलाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी अवस्कराची तपासणी करावी लागते व लहान पिलांत तीही कौशल्याची असते. घडियालाच्या नराच्या मुस्कटावर येणारा घड्यासारखा उंचवटा तर वयाची सुमारे दहा वर्षे लोटल्यावर स्पष्ट होऊ लागतो. उबवणीच्या पेटीतील तापमापक एका अंशाने चुकीचा असेल, तर त्या चुकीची साक्ष दहा वर्षांनी, एकाच लिंगाच्या प्राण्यांनी भरलेल्या हौदाच्या रूपाने मिळणार! भारतातील मगर प्रकल्प १९७५ मध्ये सुरू झाला, त्या वेळी हे ज्ञान सिद्ध झालेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आरंभीच्या प्रशिक्षणार्थींना ते शिकविणे कोणालाच शक्य नव्हते. परंतु ज्या केंद्रात उबवणीच्या तापमानाची दैनंदिन नोंद ठेवली गेली असेल, तेथे नव्या ज्ञानाच्या प्रकाशात जुन्या पिढ्यांचा अर्थ लावणे शक्य होते. जेथे नोंदच नाही, तेथे काहीच हाती लागत नाही. आज निरर्थक वाटणारी नोंद उद्या अर्थपूर्ण ठरते, हा त्यातून निघणारा धडा होय.

पकडणे व जखडणे

सामान्य माणसाच्या कल्पनेत मगरीच्या संगोपकाचे कौशल्य म्हणजे तिला पकडण्याचे धाडस. या कल्पनेत मगरीच्या स्नायूंचा विचार नसतो. थोडा वेळ प्रचंड जोर करणे आणि मग दीर्घकाळ विसावणे, हा मगरीचा स्वभावधर्म आहे. हा जोर ती मुख्यतः ऑक्सिजनविरहित मार्गाने निर्माण करते व त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचते. गळ्यात फास पडलेली मगर अंग गरगर फिरवून लोळण घेते; दोर गुंडाळला जातो; माणसे ओढीत राहतात; अखेर मगर थकून निपचित पडते व लोक हुश्श करतात. खरा धोका याच क्षणी सुरू झालेला असतो. ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्यातील मगरींवर बेनेट, सेमूर व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, मगर जितकी मोठी तितका वेळ ती अधिक झुंजू शकते आणि तितकाच तिच्या रक्तातील आम्ल-अल्कली समतोल अधिक ढळतो. हा समतोल पूर्ववत होण्यास कित्येक तास लागतात. दीर्घ झटापटीनंतर जिवंत सोडलेली मोठी मगर नंतर मृत आढळावी व तिच्या अंगावर एकही जखम नसावी, याचे कारण हेच होय. सर्वांत बलाढ्य दिसणारा प्राणीच या बाबतीत सर्वांत नाजूक असतो.

म्हणून प्रशिक्षणात पकडण्याचा हेतू बदलतो. मगरीला थकविणे हे साध्य नसून ती थकण्यापूर्वी काम आटोपणे हे साध्य असते. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड शक्तीचे, तर उघडणारे दुबळे असतात. त्यामुळे मिटलेला जबडा पट्टीने किंवा रबरी पट्ट्याने बंद ठेवणे अवघड नसते. मात्र पट्टी नाकपुड्यांवर येता कामा नये. डोळ्यांवर ओले फडके टाकल्यास प्राणी पुष्कळसा शांत होतो. घडियालाचा जबडा लांब व अरुंद असल्यामुळे इतर मगरींप्रमाणे ओढाताण केल्यास त्यास इजा पोहोचते. बंध सोडल्यावर प्राण्याला लगेच खोल पाण्यात ढकलणे हे तर सर्वथा वर्ज्य होय. कारण थकलेली मगर श्वासासाठी वर येऊ शकली नाही, तर बुडून मरते.

औषधांच्या वापरात आणखी एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे. गॅलामीनसारखी स्नायुशैथिल्यकारी औषधे दिल्यावर मगर हालचाल करीत नाही. परंतु तिची संवेदना शाबूत असते. ही औषधे भूल देत नाहीत, वेदनाही शमवीत नाहीत. स्थानांतरासारख्या वेदनारहित कामासाठी ती उपयोगी पडतात व निओस्टिग्मीनने त्यांचा प्रभाव उतरविता येतो. मात्र केवळ त्यांच्या आधारे शस्त्रक्रिया करणे म्हणजे जागृत प्राण्याची चिरफाड करणे होय. शिवाय एका जातीस मानवलेले औषध दुसरीस मानवेलच असे नाही. गॅलामीन हे अमेरिकन ॲलिगेटरच्या बाबतीत सुरक्षित समजले जात नाही. अनियततापी प्राण्यात औषधाचा अंमल चढणे व उतरणे तापमानावरही अवलंबून असते. औषध चढले नाही असे समजून उतावळेपणाने दुसरी मात्रा देणे, ही चूक त्यातूनच संभवते. निश्चल म्हणजे बेशुद्ध नव्हे आणि शांत म्हणजे निरोगी नव्हे, ही दोन वाक्ये मगरीच्या संगोपकाने कायम ध्यानात ठेवावीत.

संगोपकाची सुरक्षितता

प्राण्याविषयीच्या चुका उशिरा उघड होतात. संगोपकाच्या स्वतःच्या सुरक्षिततेबाबतची चूक मात्र एका क्षणात उघड होते. तरीही तिच्या मुळाशी तोच भ्रम असतो. महिनोन्‌महिने मगर हलत नाही, म्हणून संगोपक तिच्या अधिकाधिक जवळून वावरू लागतो. प्रत्यक्षात त्या काळात मगर शिकत असते. रक्षक कोणत्या वेळी येतो, कोणत्या जागी उभा राहतो, बादली कोठे ठेवतो, हे ती ध्यानात ठेवते. तिच्या जबड्यावरील बारीक उंचवट्यांत दाब जाणणारी इंद्रिये असतात. पाण्याच्या पृष्ठभागावरील क्षुल्लक तरंगही ॲलिगेटरला अंधारात त्यांच्या साह्याने कळतात, असे डॅफ्ने सोआरेस यांनी २००२ मध्ये दाखविले. म्हणजे काठावर हात धुणारा मनुष्य दिसला नाही, तरी तो कळलेला असतो. चाव्याच्या शक्तीचे मापन एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व जातींवर करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील बरेचसे काम वर उल्लेखिलेल्या सेंट ऑगस्टिन येथेच झाले. खाऱ्या पाण्यातील मगरीत ही शक्ती १६,४१४ न्यूटनपर्यंत आढळली. या शक्तीशी मनुष्यबळाची तुलनाच संभवत नाही. तेव्हा सुरक्षितता बळावर नव्हे, नियमांवर अवलंबून ठेवावी लागते.

हे नियम साधे आहेत. आवारात एकट्याने जाऊ नये. जाण्यापूर्वी आतील प्रत्येक मगर कोठे आहे हे मोजून पाहावे. एक जरी दिसली नाही तरी आत पाऊल टाकू नये. परतण्याचा मार्ग आधी मोकळा करावा. खाणे नेहमी ठराविक जागी व लांब चिमट्याने द्यावे, म्हणजे मनुष्याचा हात व अन्न यांची सांगड मगरीच्या ठिकाणी बसणार नाही. घरटे राखणाऱ्या मादीसमोर फळीची आड धरल्यावाचून अंड्यांना हात लावू नये. काम आटोपल्यावर हात जंतुनाशकाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होण्याची भीती असते.

मगर शिकते, याचा उपयोग उलट बाजूनेही करून घेता येतो. विशिष्ट खूण दाखविताच ठराविक जागी यावे व त्याबद्दल अन्न मिळावे, या साधक अभिसंधानाच्या पद्धतीने मगरींना पेटीत स्वतः होऊन शिरण्याची, तपासणीपुरते स्थिर राहण्याची सवय लावता येते. फास व दोर यांची गरजच त्यामुळे कमी होते. जो प्राणी मठ्ठ समजला गेला, त्याच्या बुद्धीचा आधार घेऊनच त्याच्या व संगोपकाच्या जिवाची जोखीम कमी व्हावी, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

वरील विवेचनावरून प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा आपोआपच सिद्ध होते. पहिला भाग तात्त्विक असावा. त्यात शरीरक्रिया, प्रजनन, वर्तन, पोषण व रोग यांची माहिती यावी, आणि प्रत्येक नियमाचे कारण सांगितले जावे. कारण ठाऊक नसलेला नियम अडचणीच्या वेळी प्रथम मोडला जातो. दुसरा भाग मृत प्राण्याच्या विच्छेदनाचा असावा. रक्त काढण्याची जागा, अवस्कराची रचना, घशातील पाणी अडविणारा पडदा या गोष्टी चित्रावरून नीट समजत नाहीत. तिसरा भाग प्रत्यक्ष हाताळणीचा. आरंभ पिलांपासून करून क्रमाक्रमाने मोठ्या प्राण्यांकडे जावे. प्रत्येक पकडीपूर्वी कोणी काय करावयाचे, हुकूम कोणाचा, किती वेळात काम संपले नाही तर प्राणी सोडून द्यावयाचा, हे लेखी ठरविलेले असावे. चौथा भाग नोंदवहीचा. तापमान, आहार, वजन, लांबी, वर्तनातील फेरफार, पकडीचा कालावधी व त्यानंतरची निरीक्षणे यांची नोंद ज्यास ठेवता येत नाही, त्यास प्रशिक्षित म्हणता येणार नाही. चूक व तिचा परिणाम यांतील दीर्घ अंतर जोडणारा दुवा एकच आहे आणि तो म्हणजे ही नोंदवही.

परीक्षेची पद्धतही याच धोरणास अनुसरून असावी. किती मोठी मगर किती चपळाईने धरली, यावर प्रशिक्षणार्थीची योग्यता ठरू नये. अमुक प्रसंगी मगर पकडण्याची गरजच नाही, हे ज्याला कारणांसह सांगता येते, तो अधिक पारंगत समजावा.

उपसंहार

मगरींचे संगोपन ही केवळ प्रेक्षणीय प्राणी सांभाळण्याची बाब नाही. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० मध्ये बंदिवासातील घडियालांची पहिली यशस्वी पैदास झाली, तेव्हा त्यासाठी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथून नर आणावा लागला होता. जातीच्या अस्तित्वाचा धागा किती बारीक झाला होता, हे त्यावरून कळून येते. एवढ्या प्रयत्नांनंतरही २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने घडियालाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. याच्या उलट दलदली मगरीची पैदास इतकी सुलभ ठरली की, सोडण्यास योग्य अशा नद्या व तलाव अपुरे पडू लागले आणि पैदास करणाऱ्या केंद्रांवरच अंडी उबू न देण्याची वेळ आली. एका जातीत जन्म घडवून आणणे व दुसरीत तो आवरणे, हे दोन्ही निर्णय एकाच शास्त्रातून घ्यावे लागतात. केवळ उत्साहाने दोन्हींपैकी एकही नीट घेता येत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तरी सांगली परिसरात कृष्णेच्या काठी आणि चिपळूणच्या बाजूस वाशिष्ठीच्या काठी मनुष्यवस्ती व मगर यांची गाठ पडते. पुराच्या दिवसांत वस्तीत शिरलेली मगर धरण्याचा प्रसंग वनकर्मचाऱ्यांवर येतो, तेव्हा भोवती बघ्यांची गर्दी असते आणि दोर ओढणारे हातही पुष्कळ असतात. मगर जिवंत नदीत सोडली, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. तिच्या रक्तात काय साचले आहे, हे त्या गर्दीतील एकाला तरी माहीत असणे, ही त्या मगरीच्या जगण्याची अट आहे. ते ज्ञान विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत उपलब्ध आहे. ज्यांच्या हातात दोर आहे त्यांच्यापर्यंत, त्यांच्या भाषेत, ते पोहोचविणे हे मात्र बव्हंशी बाकी आहे.